बीबीसीचा राजकीय संपादक करतो काय, आणि लॉरा कून्सबर्ग यांच्यावर एवढी टीका का झाली?

नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. बीबीसीच्या कारभारातल्या बऱ्याच तक्रारींची यादी असलेलं एक अंतर्गत टिपण आधी फुटलं होतं, पण गाजली ती त्यातली एकच गोष्ट. ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमात डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या, म्हणजे अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशीच्या, भाषणातले दोन तुकडे एकापाठोपाठ एक जोडून दाखवले होते. मूळ भाषणात त्या दोन तुकड्यांमध्ये पन्नास मिनिटांहून जास्त अंतर होतं.

ही बातमी आपल्याकडे आली तेव्हा दोन प्रतिक्रिया ऐकू आल्या. पहिली, ‘बीबीसी आहेच तशी.’ दुसरी, ‘एवढ्यासाठी राजीनामा?’ पहिलीत नवीन काही नाही. दुसरी मात्र मनापासून विचारलेली शंका आहे. आपल्या वाहिन्यांवर रोज काय काय जोडलं-तोडलं जातं ते आपण पाहतो, आणि कुणाची खुर्ची हललेली दिसत नाही.

याचं उत्तर नियमावली वाचून मिळणार नाही. एका पत्रकाराची कारकीर्द पाहिली तर लवकर कळेल. लॉरा कून्सबर्ग बीबीसीच्या राजकीय संपादक होत्या. ट्रम्प प्रकरणाच्या बरोबर दहा वर्षं आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्यांच्याही एका बातमीत असंच जोडकाम झालं होतं. त्यावर रीतसर निवाडा झाला, तो त्यांच्या विरोधात गेला आणि तरी त्या पदावर राहिल्या. हे सगळं समजून घ्यायचं तर आधी थोडा पाया घालावा लागेल.

## वर्तमानपत्राला मुभा, टीव्हीला बंधन

ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांनी बाजू घेण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. निवडणूक आली की ‘डेली मिरर’ मजूर पक्षाच्या पाठीशी आणि ‘डेली मेल’ हुजूर पक्षाच्या पाठीशी, हे तिथे सगळे गृहीतच धरून चालतात. ‘द सन’ तर वारं पाहून पाठ फिरवतो, आणि तेही पहिल्या पानावर मोठ्या टायपात.

टीव्हीचं तसं नाही. आयटीव्ही, चॅनल ४, स्काय अशा वाहिन्यांना कायद्याने आणि बीबीसीला तिच्या राजसनदेने एक अट घातली आहे. बातम्यांमध्ये ‘यथोचित निःपक्षपातीपणा’ हवा. यातला ‘यथोचित’ हा शब्द महत्त्वाचा. घड्याळ लावून दोघांना पाच-पाच मिनिटं द्या, असा त्याचा अर्थ नाही. विषय काय आहे, पुरावा कुठे झुकतो आणि प्रेक्षकाची अपेक्षा काय आहे, हे पाहून न्याय्य वाटेल असं मांडा, एवढाच अर्थ. हवामान बदलावर बोलताना दरवेळी ‘असं काही नसतंच’ म्हणणारा एक माणूस शोधून आणायची गरज नाही. यावर देखरेख असते ऑफकॉम या नियामक संस्थेची. बीबीसीच्या तक्रारी पूर्वी बीबीसी ट्रस्ट नावाचं मंडळ ऐकायचं. एप्रिल २०१७ पासून त्याही ऑफकॉमच्या कक्षेत आल्या.

टीव्हीवरच एवढा वचक का, याला इतिहास आहे. १९५० च्या दशकात तर बीबीसीवर ‘चौदा दिवसांचा नियम’ होता. संसदेत पुढच्या पंधरवड्यात जे चर्चेला येणार असेल त्यावर टीव्ही-रेडिओवर चर्चाच करायची नाही! हा नियम १९५६ साली इजिप्तमधल्या सुएझ कालव्याच्या संकटात कोलमडला. देश लढाईत उतरला असताना टीव्हीने गप्प बसायचं, हे टिकणारं नव्हतंच. त्याच सुमारास आयटीव्हीला बातम्या पुरवणाऱ्या आयटीएनच्या रॉबिन डे यांनी मंत्र्यांना अदबीने ‘आणखी काही सांगाल का?’ विचारायची पद्धत मोडली आणि सरळ उलटतपासणी सुरू केली. तरीही हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, टीव्हीचा कॅमेरा शिरायला नोव्हेंबर १९८९ उजाडलं.

आणि पैशाचा मुद्दा आहेच. टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येक घराला परवाना शुल्क भरावं लागतं. एप्रिल २०२५ पासून ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. तिथे स्थायिक झालेली मराठी घरंही ते भरतात. त्यामुळे बीबीसीचा प्रेक्षक नुसता प्रेक्षक नसतो. आपण वर्गणी दिली आहे, तर जाब विचारणारच, अशा थाटात तो तक्रार करतो.

## ‘संपादक’ असूनही संपादन न करणारा माणूस

आपल्याकडे संपादक म्हटलं की पान लावणारा, अग्रलेख लिहिणारा, बातमी घ्यायची की टाकायची ते ठरवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बीबीसीचा राजकीय संपादक यातलं फारसं काही करत नाही. राजकारण या विषयातला तो सगळ्यात ज्येष्ठ वार्ताहर. रात्री दहाच्या बातम्यांमध्ये १० डाउनिंग स्ट्रीट या पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या काळ्या दारासमोर पावसात उभा असतो, तोच हा. निवेदक स्टुडिओतून विचारतो, ‘मग आता पंतप्रधानांपुढे पर्याय काय?’ आणि तो दीड-दोन मिनिटांत उत्तर देतो.

क्रिकेटचं उदाहरण घेऊ. धावफलक पाहून चार बाद १८० झालेत एवढं कुणालाही कळतं. कप्तानाने स्लिप का काढली, हे समालोचक सांगतो. ते सांगता यावं म्हणून तो आदल्या संध्याकाळी खेळाडूंशी गप्पा मारून आलेला असतो. राजकीय संपादकाचं काम हेच. मतदानाचे आकडे वाहिनीच्या खाली पट्टीवर धावतच असतात. त्यामागे कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण उद्या राजीनामा देणार आहे, हे सांगायला हा माणूस लागतो.

आता यातली गोम पाहा. खेळाडूंमध्ये ऊठबस नसेल तर समालोचकाकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. फारच ऊठबस असेल तर कप्तानाची बाजूच तो आपलं मत म्हणून ऐकवतोय की काय, अशी शंका येते. कून्सबर्ग यांच्या कारकिर्दीवरचे जवळपास सगळे वाद या एकाच पेचातून निघालेले आहेत, असं माझं मत आहे. पक्षपात हा शब्द त्यांच्याबद्दल फार स्वस्तात वापरला गेला.

## लॉबी म्हणजे काय?

ब्रिटिश राजकीय बातमीदारी समजायला हा एक शब्द पुरेसा आहे. संसदेत खासदारांच्या सभागृहाबाहेर एक मोठं दालन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही ठरावीक पत्रकारांना तिथे वावरायची आणि खासदारांशी बोलायची परवानगी मिळू लागली. हे पत्रकार म्हणजे ‘लॉबी’. पंतप्रधानांचा प्रवक्ता या लॉबीला नियमित माहिती देतो. खासदार तिथे जे कानात सांगतात ते छापायचं, पण नाव घ्यायचं नाही, हा अलिखित करार.

मंत्रालयाच्या किंवा विधानभवनाच्या आवारात वावरलेल्या कुणालाही हे अपरिचित वाटणार नाही. आपल्या ‘खात्रीलायक सूत्रांकडून समजते’चं हे विलायती भावंड. फरक इतकाच, की तिथे त्याला संस्थेचं रूप आलं आहे आणि त्या संस्थेला थोडा स्वाभिमानही आहे.

तो स्वाभिमान ३ फेब्रुवारी २०२० ला दिसला. ब्रेक्झिटनंतरच्या व्यापाराबद्दल सरकारचे अधिकारी पत्रकारांना माहिती देणार होते. १० डाउनिंग स्ट्रीटच्या दालनात पत्रकार जमले, तेव्हा त्यांना गालिच्याच्या दोन बाजूंना उभं राहायला सांगितलं गेलं. ज्यांची नावं यादीत आहेत ते एका बाजूला, नाहीत ते दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूच्यांनी निघून जायचं. पण यादीत नाव असलेलेच बाहेर चालू लागले. त्यांत बीबीसीच्या कून्सबर्ग होत्या आणि आयटीव्हीचे रॉबर्ट पेस्टनही. सरकारच्या आतल्या गोटातल्या म्हणून ज्यांना हिणवलं जात होतं, त्यांनीच आतलं आमंत्रण नाकारलं, हे त्यांच्या टीकाकारांनीही लक्षात ठेवायला हवं.

## रोम, ग्लासगो, न्यूकॅसल

लॉरा कून्सबर्ग यांचा जन्म १९७६ मध्ये रोममधला, पण वाढल्या ग्लासगोत. घर सुस्थितीतलं. वडील उद्योजक, आजोबा जर्मनीतून स्कॉटलंडला येऊन नावारूपाला आलेले डॉक्टर. शाळा खासगी. एडिंबरा विद्यापीठात इतिहासाची पदवी आणि नंतर वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम. तिथे असताना अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीसाठीही काम केलं.

मायदेशी परतल्यावर ग्लासगोत स्थानिक रेडिओ आणि मग केबल टीव्ही. २००० साली त्या बीबीसीत आल्या त्या थेट लंडनला नव्हे, तर न्यूकॅसलला, ईशान्य इंग्लंडच्या प्रादेशिक बातम्यांसाठी. तिथून वेस्टमिन्स्टरला. वेस्टमिन्स्टर म्हणजे लंडनचा संसदेचा परिसर, पण बोलताना हा शब्द अख्ख्या राजकारणासाठी वापरतात.

२०१० च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि आघाडीच्या वाटाघाटी पाच दिवस चालल्या. त्या पाच दिवसांत त्या पडद्यावर इतक्या वेळा दिसल्या की त्यांच्या आडनावापुढे ‘व्हिजन’ जोडून या प्रक्षेपणाला एक टोपणनावच पडलं. २०११ मध्ये त्या आयटीव्हीत व्यापार संपादक म्हणून गेल्या, २०१४ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या रात्रीच्या कार्यक्रमासाठी परत आल्या आणि जुलै २०१५ मध्ये राजकीय संपादक झाल्या. जॉन कोल, रॉबिन ओकली, अँड्र्यू मार, निक रॉबिन्सन यांच्यानंतरच्या. या पदावरच्या पहिल्या स्त्री.

नेमणुकीनंतर दोनच महिन्यांनी जेरेमी कॉर्बिन मजूर पक्षाचे नेते झाले. पुढच्या वर्षी ब्रेक्झिटचं सार्वमत. सात वर्षांत डेव्हिड कॅमेरून, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन असे तीन पंतप्रधान आणि दोन सार्वत्रिक निवडणुका. इतका वादळी काळ यापूर्वी या पदाच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

## प्रश्न एक, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं

आता त्या २०१५ च्या बातमीकडे येऊ. हे जरा निवांत पाहण्यासारखं आहे.

१३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले. तीन दिवसांनी कून्सबर्ग यांनी कॉर्बिन यांची मुलाखत घेतली. त्यात त्यांनी विचारलं होतं की, तुम्ही पंतप्रधान असाल तर ब्रिटनच्या रस्त्यांवर पोलिसांना किंवा लष्कराला ‘ठार करण्यासाठी गोळी घाला’ असा आदेश द्यायला तुमची तयारी असेल का? कॉर्बिन म्हणाले, अशा सरसकट धोरणाबद्दल मी समाधानी नाही, ते धोकादायक आहे आणि उलटही फिरू शकतं.

संध्याकाळी सहाच्या बातम्यांत हे उत्तर दिसलं. पण त्याआधी बातमीत सांगितलं गेलं ते असं, की पॅरिससारखा हल्ला ब्रिटनमध्ये झाला तर पोलिसांनी गोळी चालवलेली चालेल का, असं मी त्यांना विचारलं.

दोन्ही प्रश्न पुन्हा वाचा. पहिला सरसकट धोरणाबद्दलचा आहे. दुसऱ्यात समोर बंदूकधारी हल्लेखोर लोकांना मारत सुटलेला आहे. पहिल्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस सावध वाटतो. दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस अख्ख्या देशाला बेजबाबदार वाटेल. शब्द कॉर्बिन यांचेच होते, एकही खोटा नव्हता. पण ते ज्या प्रश्नापुढे ठेवले गेले तो प्रश्न वेगळा होता.

एका प्रेक्षकाने तक्रार केली. बीबीसीने ती आधी फेटाळली. प्रेक्षक अपिलात गेला. जानेवारी २०१७ मध्ये बीबीसी ट्रस्टने निवाडा दिला की बातमीने अचूकतेचा आणि निःपक्षपातीपणाचा नियम मोडला. कॉर्बिन यांचा सूर पंतप्रधानांच्या अगदी उलट आहे, अशा अर्थाचं पुढचं वाक्य बातमीत होतं, त्यामुळे चूक आणखी वाढली, असंही ट्रस्टने म्हटलं. मात्र हे हेतुपुरस्सर केल्याचा किंवा पूर्वग्रहाचा पुरावा नाही, असंही स्पष्ट केलं. वृत्तविभागाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स हार्डिंग यांनी निवाडा मान्य नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि आपल्या वार्ताहराची पाठराखण केली.

म्हणजे निकाल लागायला चौदा महिने गेले, आणि तोवर त्या बातमीची चित्रफीत भरपूर फिरून झाली होती. ही यंत्रणा संथ आहे, चिडचिड व्हावी इतकी. तरीही एका सामान्य प्रेक्षकाच्या पत्रावरून देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या राजकीय वार्ताहराविरुद्ध लेखी निकाल लागला, तोही तिच्याच संस्थेच्या देखरेख मंडळाकडून, हे मला कमी मोलाचं वाटत नाही.

## ‘म्हणजे त्या हुजूर पक्षाच्याच ना?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यामागे नुसती चीड नाही, काही घटनाही आहेत.

६ जानेवारी २०१६ ला मजूर पक्षाचे स्टीव्हन डाउटी यांनी पक्षातल्या आपल्या जबाबदारीचा राजीनामा बीबीसीच्या ‘डेली पॉलिटिक्स’ कार्यक्रमात थेट प्रक्षेपणात जाहीर केला. कॉमन्समध्ये पंतप्रधानांना प्रश्न विचारायचं साप्ताहिक सत्र सुरू व्हायला काही मिनिटं उरली होती. डाउटी यांना पडद्यावर आणण्यात कून्सबर्ग यांचा हात होता, हे त्याच कार्यक्रमातल्या एका निर्मात्याने नंतर लिहून टाकलं. मजूर पक्ष भडकला. तुम्ही बातमी देताय की घडवताय, असा त्यांचा सवाल होता. बीबीसीचं उत्तर असं की राजीनाम्याचा निर्णय डाउटी यांचा, आम्ही फक्त तो सगळ्यांआधी दाखवला. तांत्रिकदृष्ट्या हे खरं. पण वेळ पाहता मजूर पक्षाचा राग समजण्यासारखा होता.

त्यानंतर टीकेने वेगळंच वळण घेतलं. त्यांना काढून टाका अशी ऑनलाइन मोहीम निघाली, हजारो सह्या झाल्या आणि मोहीम चालवणाऱ्या संस्थेलाच ती मागे घ्यावी लागली, कारण तिच्या आडून बाई म्हणून शिवीगाळ सुरू झाली होती. मजूर पक्षाच्या सभांमध्ये त्या प्रश्न विचारायला उठल्या की हुर्यो व्हायची आणि कॉर्बिन यांना हात वर करून कार्यकर्त्यांना गप्प करावं लागायचं. २०१७ मध्ये ब्रायटनला झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात त्या अंगरक्षक घेऊन वावरल्या. लोकशाही देशात एका वार्ताहराला विरोधी पक्षाचं अधिवेशन पाहायला अंगरक्षक लागावा, याचं समर्थन कुठल्याच बातमीने होत नाही.

आता दुसरी बाजू. २७ जानेवारी २०१७ ला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प आणि थेरेसा मे यांची संयुक्त पत्रकार परिषद होती. मे यांनी ब्रिटनकडून कून्सबर्ग यांना पहिला प्रश्न विचारू दिला. त्यांनी ट्रम्प यांना छळ, रशिया, मुस्लिमांवरची बंदी आणि गर्भपात या सगळ्यांवरची त्यांची जुनी वक्तव्यं ऐकवली आणि विचारलं की यामुळे धास्तावलेल्या ब्रिटिश प्रेक्षकांना तुम्ही काय सांगाल? ट्रम्प मे यांच्याकडे वळून म्हणाले की हा प्रश्न तुम्ही निवडलात का, गेले आपले संबंध. हशा झाला. पण मे यांच्यासाठी ती भेट किती नाजूक होती हे लक्षात घेतलं, तर हुजूर पक्षाच्या माणसाने तो प्रश्न विचारला नसता.

## खरी अडचण घाईची

पक्षपाताचा आरोप मला पटत नाही, पण घाईचा पटतो. ९ डिसेंबर २०१९ ची गोष्ट घ्या. निवडणुकीला तीन दिवस उरले होते. लीड्सच्या रुग्णालयात जागा नसल्याने एक लहान मुलगा जमिनीवर झोपलेला फोटो देशभर फिरला होता. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक तिथे गेले. थोड्याच वेळात हुजूर पक्षाच्या सूत्रांकडून कळवलं गेलं की मंत्र्यांच्या सहायकाला मजूर पक्षाच्या निदर्शकाने ठोसा मारला. कून्सबर्ग यांनी ते ट्विट केलं. आयटीव्हीच्या पेस्टन यांनीही केलं. मग चित्रफीत बाहेर आली. त्यात सहायक वळताना एका निदर्शकाच्या पुढे आलेल्या हाताला चुकून धडकलेला दिसत होता. दोघांनीही माफी मागितली.

पण तोवर सूत्रांचं काम झालं होतं. दिवसभराची बातमी रुग्णालयातल्या मुलाची होती, ती काही तास ‘ठोशा’ची झाली. इथे कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी पक्षाचं सदस्यत्व घेतलं नाही. फक्त नेहमीच्या विश्वासातल्या माणसाचा फोन आला आणि प्रतिस्पर्ध्याआधी ते लिहायचं होतं. रात्री दहाच्या बातम्यांसाठी दिवसभर पडताळणी करायला वेळ असायचा. ट्विटरने तो वेळ खाल्ला.

मे २०२० मध्ये हेच पुन्हा दिसलं. पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज टाळेबंदीत लंडनहून डरमला गेल्याची बातमी ‘मिरर’ आणि ‘गार्डियन’ने फोडली. ‘मिरर’च्या वार्ताहराच्या ट्विटखाली कून्सबर्ग यांनी लगेच लिहिलं की सूत्रांच्या मते हा प्रवास नियमात बसणारा होता. सूत्राचं म्हणणं सांगणं हे त्यांचं कामच, असा बचाव झाला. पण दुसऱ्याच्या बातमीखाली, त्याच मिनिटाला, नाव न घेता सरकारी खुलासा चिकटवला की वाचणाऱ्याला तो खुलासा वाटत नाही, वार्ताहराचं मत वाटतं. सूत्राला नाव नसलं की जबाबदारीही नसते, आणि उरतं ते सांगणाऱ्याचं वजन.

## रविवारची सकाळ

२०२२ मध्ये त्यांनी राजकीय संपादकपद सोडलं आणि ख्रिस मेसन त्या जागी आले. ४ सप्टेंबर २०२२ पासून बीबीसी वनवर रविवारी सकाळी त्यांचा स्वतःच्या नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला. ही जागा आधी डेव्हिड फ्रॉस्ट आणि मग अँड्र्यू मार यांची. इथे सूत्रं लागत नाहीत. नेता समोर बसतो, नावानिशी बोलतो.

याचा फरक महिनाभरातच कळला. २ ऑक्टोबर २०२२ ला बर्मिंगहॅमला हुजूर पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने सर्वांत श्रीमंतांवरचा ४५ टक्के आयकराचा टप्पा रद्द करायचं जाहीर केल्यापासून बाजार कोसळत होते. कून्सबर्ग यांनी साधा प्रश्न विचारला, हा निर्णय मंत्रिमंडळाने मिळून घेतला का? ट्रस म्हणाल्या, नाही, तो अर्थमंत्र्यांचा निर्णय होता. आपल्याच अर्थमंत्र्याला त्यांनी उघड्यावर सोडलं. त्याच स्टुडिओत बसलेले त्यांच्याच पक्षाचे मायकल गोव्ह लगेच या करसवलतीवर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्णय मागे घेतला गेला. मुलाखतीमुळेच तो गेला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, खासदार आधीच बिथरलेले होते. पण ‘मंत्रिमंडळात चर्चा झाली नाही’ हे देशाला कळलं ते कुणा सूत्राकडून नाही, पंतप्रधानांच्याच तोंडून.

पुढे एक फजितीही झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोरिस जॉन्सन यांची मुलाखत ठरली होती. मुलाखतीची तयारी म्हणून काढलेली टिपणं कून्सबर्ग यांनी सहकाऱ्यांना पाठवायची ती चुकून जॉन्सन यांनाच पाठवली. मुलाखत रद्द झाली, आणि का रद्द झाली ते त्यांनी स्वतःच जाहीर केलं. मुलाखत चांगली व्हायची तर समोरच्याला प्रश्न माहीत असता कामा नयेत. पेपर फुटल्यावर परीक्षा घेण्यात अर्थ नसतो.

## मग सरळ आपलं मत का सांगत नाहीत?

शेवटचा आक्षेप हा, आणि तो अलीकडे जोर धरतोय. माणूस आहे म्हणजे मत असणारच. ते लपवण्यापेक्षा उघड सांगावं, प्रेक्षक काय ते ठरवतील.

काहींनी तो मार्ग घेतला आहे. अँड्र्यू मार यांनी २०२१ मध्ये बीबीसी सोडताना मोकळेपणाने बोलता यावं हेच कारण दिलं. ‘न्यूजनाइट’च्या एमिली मेटलिस यांनी कमिंग्ज प्रकरणात, कमिंग्ज यांनी नियम मोडला आणि ते देशाला दिसतंय, अशा शब्दांत कार्यक्रमाची सुरुवात केली. प्रेक्षकांतल्या अनेकांना ते आपल्याच मनातलं वाटलं. बीबीसीने मात्र हे नियमात बसत नाही असं दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. २०२२ मध्ये त्याही बाहेर पडल्या आणि आता पॉडकास्ट करतात. पॉडकास्टला टीव्हीचे नियम लागू नाहीत.

मला मेटलिस यांची ती सुरुवात आवडली होती. तरीही सगळ्यांनीच तसं करावं असं वाटत नाही, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. मत सांगणाऱ्या पत्रकाराविरुद्ध तक्रार करायला जागाच उरत नाही. ‘हे माझं मत’ म्हटलं की विषय संपतो. २०१५ च्या त्या प्रेक्षकाला दाद मागता आली ती बातमी अचूक आणि निःपक्षपाती हवी असा लेखी नियम होता म्हणून. दहा वर्षांनी ट्रम्प यांच्या भाषणाचं जोडकाम महासंचालकाला भोवलं तेही त्याच नियमामुळे. हाच नियम ‘पॅनोरामा’च्या निर्मात्यांना कार्यक्रम दाखवण्याआधी आठवायला हवा होता, ही गोष्ट वेगळी.

कून्सबर्ग अजून बीबीसीतच आहेत. त्यांचा पगार वर्षाला तीन लाख पौंडांहून जास्त आहे. तो दरवर्षी बीबीसीच्या अहवालात छापून येतो आणि दरवर्षी त्यावरून गदारोळ होतो. हे पैसे ज्या परवाना शुल्कातून येतात ते पुढे ठेवायचं की नाही, यावर लंडनमध्ये वाद चालू आहे, कारण बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते.